गाडीत दम नाही, नाना

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला ठाऊक नाही, सांगलीच्या उस्तादांना ठाऊक नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा मी दुसऱ्यांच्याच तक्रारी सांगत आलो — अमका मला असं बोलला, तमक्यानं माझ्या कामाला नावं ठेवली. आपण केलेलंही काही सांगायचं असतं, हे कधी डोक्यातच आलं नाही.

सरळ सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी बोलण्यात तरबेज माणूस. बोलण्यावरच गॅरेज उभं केलं. आणि बोलण्यात तरबेज झालेल्याला सरळ बोलणं किती जड जातं — हे मला या महिन्यात कळलं.

कराडजवळ मलकापूरला, हायवेच्या सेवा रस्त्यावर माझं गॅरेज आहे. पत्र्याच्या एका शेडपासून सुरुवात केली, आता तीन शटर आहेत. कुणी मदत केली नाही, हे मी प्रत्येकाला ऐकवतो. सांगलीला एका इंजिनच्या वर्कशॉपमध्ये पार्ट धुण्यापासून शिकलो. उस्ताद कडक होते, पण हातात कसब घालून दिलं. बाहेर बोर्ड लावला — ‘छोट्या गाडीचा दम वाढवून मिळेल.’ त्या बोर्डावरच सगळं आलं बघा.

आता छोट्या पेट्रोल गाडीचा दम म्हणजे काय? टर्बोच्या इंजिनाला हवा कोंबून भरवलेली असते. साधं इंजिन आपल्या छातीनं ओढेल तेवढ्याच हवेवर चालतं. त्याचा दम वाढवायचा तर त्याचा श्वास मोकळा करायचा. फिल्टर बदला, कार्बन काढा, व्हॉल्व्ह बसवा, हेडमधले हवेचे रस्ते घासून गुळगुळीत करा, हेडला फेस मारून, म्हणजे त्याचा तळ जरासा तासून, कॉम्प्रेशन वर न्या. सगळं खरं आहे. सगळं मला येतं. आणि हे सगळं केल्यावर किती ताकद वाढते? थोडीशी. इतकी थोडी, की ती मशीनवर दिसेल, पण चालवणाऱ्याच्या पायाला कळणार नाही.

आणि गिऱ्हाईक कशाचं कौतुक करतं? पायाला कळेल त्याचंच ना?

सुरुवातीला उंब्रजच्या एका माणसाचं इंजिन मी जीव ओतून केलं होतं. हेड घेऊन स्वतः सांगलीला गेलो, हातानं घासलं. तो गाडी घेऊन हायवेवर गेला, परत आला आणि चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाला, “काय केलंस रं गड्या एवढे दिवस? नुसती टाकी फुल केली असती तरी ही एवढीच पळाली असती की!” सगळे हसले. चहावालाही हसला. त्या हसण्याचा राग मी किती वर्षं जपला, सांगू? आजही ती टपरी दिसली की कान तापतात.

त्यानंतर एक गाडी आली — ‘वढत न्हाई’ म्हणून. बघतो तर पायातली मॅट गोळा होऊन अ‍ॅक्सिलरेटरच्या पायडलखाली गेली होती. पायडल अर्ध्यावरच अडत होतं. मी मॅट ओढून काढली, तेवढंच. मालक चक्कर मारून आला आणि गळ्यातच पडला. म्हणाला, “जादू केलीस!” आठवडाभर राबलो तेव्हा हसले, मॅट ओढली तर जादू.

कळलं ना मी पुढं काय केलं?

जुन्या स्लीपरच्या टाचेचा तुकडा कापला. निळा, बोटभर जाड. ऑइल बदलायला, ब्रेक बघायला गाडी आली, की पायातलं कार्पेट उचलायचं, पायडलच्या बरोबर खाली तो तुकडा चिकटवायचा, कार्पेट पुन्हा पसरायचं. गावात हळू चालवताना काही कळत नाही. फक्त पाय पूर्ण दाबायची वेळ आली की पायडल मध्येच टेकतं — आणि चालवणाऱ्याला वाटतं, झालं, इंजिनात एवढंच आहे. मग मालकाला शेजारी बसवून आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याच्या चढाला ट्रायल मारायची. चढाला गाडी कण्हायला लागली की मी मान तिरकी करून इंजिन ऐकायचो आणि हळूच म्हणायचो, “श्वास कोंडलाय हिचा.” पुढं घासाघीस, मग काम. काम मी खरंच करायचो, त्यात खोट नव्हती. आणि शेवटी तुकडा काढून घ्यायचो. मालक पुन्हा त्याच चढाला जायचा आणि थक्क होऊन परत यायचा.

म्हणजे आधी त्याच्याच गाडीचा दम मी काढून घ्यायचो आणि मग त्यालाच तो विकायचो. असं सरळ वाक्यात मी हे आज पहिल्यांदा लिहितोय.

एक नियम मात्र होता. गिऱ्हाइकानं काम नाकारलं, तर गाडी देण्याआधी तुकडा काढायचा. “थांबा जरा, मॅट सरकलीय,” म्हणायचं आणि काढायचा. हा नियम होता म्हणून मी स्वतःला बरा माणूस समजत होतो.

नियम एकदाच मोडला.

पाटणकडच्या एका गावचे नाना. फौजेतून निवृत्त, तिथं सगळी नोकरी ट्रक चालवण्यात गेलेली. ताठ चालायचे, मिशी पांढरी, आवाज परेडचा. त्यांनी एक छोटी जुनी गाडी नुकतीच विकत घेतली होती आणि ब्रेकचा आवाज येतो म्हणून माझ्याकडे आणली. सोबत काकी होत्या, त्यांच्या मंडळी. मी ब्रेक बघितले, तुकडा चिकटवला, चढाला ट्रायल झाली. खाली आल्यावर मी म्हणालो, “गाडीत दम नाही, नाना. इंजिन खोलावं लागेल.”

नाना हसले. “टर्बो न्हाई, काय न्हाई, एवढुसं इंजिन. ते काय टँक वढणार हाय व्हय?”

मी पैसे कमी केले. ते म्हणाले, अजून. मी अजून कमी केले. घासाघिशीत मी कधी हरत नाही, पण या माणसाला कामच नको होतं. मला घासायला लावण्यात त्याला मजा येत होती. माझ्या ते उशिरा लक्षात आलं आणि मी आवाज चढवला. म्हणालो, “फौजेत सरकारी डिझेल जाळलं, म्हणजे इंजिन कळतं असं नाही.” तसे नाना सरळ उभे राहिले. टपरीवरची माणसं वळून बघत होती — तीच टपरी.

“कळतं मला,” ते म्हणाले. “तुझ्यासारखे लय बघितल्यात. ग्वाड बोलून खिसा कापायचा. चोर हायस तू.”

चोर. सगळ्यांसमोर.

काकी गाडीत बसल्या होत्या. काच खाली करून म्हणाल्या, “आवं, द्या की ते म्हणत्यात तेवढं. आपल्यालाच वापरायची हाय गाडी.” नानांनी ऐकलं नाही. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मनाला लावून घेऊ नका हं, भाऊ. ह्यांचं बोलणंच असलं हाय.”

त्यांनी माझी बाजू घेतली होती. हे मी मुद्दाम सांगतोय.

चावी माझ्या हातात होती. “थांबा, मॅट सरकलीय” — तेवढंच म्हणायचं होतं. वाकायचं, ओढायचं, झालं. मी चावी बॉनेटवर फेकली. मनात काय होतं, तेही सांगतो: बस चढाला बोंबलत. पुढच्या आठवड्यात हात जोडत माझ्याच दारात येशील. त्यांना इजा व्हावी असं मनात नव्हतं. पण काय होऊ शकतं, हे मला कळत नव्हतं का? मी इंजिनातला माणूस. पूर्ण पाय दाबायची वेळ रस्त्यावर कधी येते, हे मला कळत नसेल तर कुणाला कळणार?

ऊस तोडणीचे दिवस होते. पाटणच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागून एक. त्याच दिवशी घरी परतताना नानांनी एक ट्रॅक्टर ओलांडायला गाडी बाहेर काढली, समोरून टेम्पो आला. अंतर पुरेसं होतं, असं लोक म्हणाले. गाडीनं ओढ घेतली असती तर आरामात पुढं निघाली असती. ती निघाली नाही. ट्रॉलीच्या बाजूलाच घुटमळत राहिली. नानांनी शेवटी गाडी रस्त्याखाली घातली, आणि डावी बाजू बाभळीवर गेली. डाव्या बाजूला काकी होत्या.

मला हे चहावाल्यानं सांगितलं. “अरं, त्यो तुझ्याशी भांडलेला मिलिटरीवाला…” म्हणत त्यानं सुरुवात केली. माझ्या हातात ग्लास होता. मी तो पूर्ण प्यायलो. चहा कसा लागला, काहीच आठवत नाही.

काकी कराडच्या दवाखान्यात होत्या. माझ्या गॅरेजपासून मोटारसायकलनं किती लांब? पानाची पिचकारी टाकायला जावं, एवढंच. गेलो नाही. गाडी रस्त्याकडेला तशीच उभी आहे, हे कळलं होतं; ती बघायला मात्र गेलो. लांबूनच बघितली. कुणी कार्पेट उचललं असेल का, एवढीच भीती होती. काकींची आठवण तिथं मला झालीच नाही. ती नंतर झाली.

कुणी काही विचारलं नाही. ट्रॅक्टरवाल्याला लोकांनी शिव्या दिल्या, टेम्पोवाल्याला दिल्या, म्हाताऱ्यानं गाडी चालवावीच कशाला, असंही बोलले. काकींचा मणका गेला होता. त्या पुन्हा उठल्या नाहीत. काही वर्षं अंथरुणावर काढून गेल्या. मी दहाव्यालाही गेलो नाही.

आणि मी तुकडा चिकटवणं सोडलं का? सोडलं — काही महिने. मग पुन्हा सुरू केलं. फक्त नियम न चुकता पाळायला लागलो. हे वाचून तुम्हाला काय वाटतंय, याची कल्पना आहे मला. पण याहून चमत्कारिक एक गोष्ट सांगू? या सगळ्या वर्षांत नानांवरचा माझा राग कमी झाला नाही. त्यांनी मला चारचौघांत चोर म्हटलं होतं. कुणी फौजी गिऱ्हाईक आलं की मी तो किस्सा सांगायचो — एका मिलिटरीवाल्यानं माझा कसा अपमान केला, मी कसा गप्प राहिलो. शेवट तेवढा गाळून. किस्सा इतका घोटून झाला होता, की त्यात अपमान सोसलेला मी एकटाच उरलो होतो.

आणि या महिन्यात ती गाडी माझ्या शटरसमोर येऊन उभी राहिली.

आधी गाडीच ओळखली. डावीकडचं पत्र्याचं काम कुणीतरी गावातच केलं होतं, रंग जुळलेला नव्हता. एक तरुण मुलगी चालवत होती, शेजारून नाना उतरले. ताठपणा गेला होता. पाय टाकताना आधी जमीन चाचपून बघत होते.

वाटलं, आला हा. कळलं याला.

नाना म्हणाले, “वळखलंस का? ही माझी नात, सानिका. सांगलीला नोकरी लागलीय हिला. गाडी हिला द्यायचीय.” मग माझ्या दंडाला धरून थोडं बाजूला नेलं. “हिच्यात दम घाल. लागंल तेवढं काम कर इंजिनाचं. मी एक शब्द बोलणार न्हाई. तुझ्याकडंच का आणली, ठावं हाय का? हिचं दुखणं तुला एकट्यालाच ठावं हाय.”

मला एकट्यालाच ठाऊक आहे.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. टोमणा शोधत होतो. तिथं टोमणा नव्हता. ते खरंच तसं म्हणत होते — मी तेव्हा सांगितलं होतं ना, गाडीत दम नाही म्हणून!

सानिका म्हणाली, “आजोबा ती घटना झाल्यापासून स्टिअरिंगला हात लावत नाहीत. म्हणतात, माझा पाय आखडला.”

“आखडला म्हंजे आखडलाच,” नाना म्हणाले. “उभा जलम ट्रक हाकला, बर्फातनं हाकला. आन त्या दिशी पायच खाली जाईना. भ्यालो आसंन. म्हातारपन हाय, दुसरं काय. वाटतं दाबला, पर दाबलाच न्हाई. दाबला असता तर गाडी थोडीफार तरी पळाली असती का न्हाई? तूच सांग.”

तूच सांग, म्हणाले.

मी म्हणालो, “चार दिवसांनी या.”

ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं, गाडीचं दार उघडलं आणि खाली बसलो. कार्पेट उचलवत नव्हतं. पत्रेवाल्यानं तेव्हाच काढून फेकला असेल, असं स्वतःला सांगत होतो. मग उचललं.

होता. धुळीनं काळा पडलेला, पण कडेला निळा. माझ्याच स्लीपरचा. मी तो खरवडून काढला आणि बल्बखाली धरला. त्याच्या वरच्या अंगावर पायडलच्या कडेची खूण होती. नुसता व्रण नव्हता. रबर चिरलं होतं, खोल, जवळजवळ आरपार. वर कार्पेट असताना. एवढ्या जोरानं ते पायडल कुणीतरी खाली दाबलं होतं.

नानांचा पाय आखडला नव्हता. त्या माणसानं अंगात होता नव्हता तेवढा जोर घालून पाय दाबला होता. सगळी वर्षं ते स्वतःला भित्रा म्हणत घरात बसले. बायको समोर अंथरुणावर पडून होती, आणि तिच्याकडे बघत ते हेच म्हणत बसले असतील — माझा पाय खाली गेला नाही. आणि गेला होता, याचा पुरावा जगात एकच. तो माझ्या तळहातावर होता.

असा धक्का मला आयुष्यात बसला नव्हता. रडू आलं, असं लिहावंसं वाटतंय, पण रडू नाही आलं. मी फक्त तो तुकडा उलटसुलट करत बसलो. मनात पहिला विचार आला, तो हा — बरं झालं, दुसऱ्या कुणाच्या हाती नाही लागला.

मग मी काम केलं. माझ्या हातून झालं त्यातलं सगळ्यात चांगलं काम. हेड घेऊन सांगलीला गेलो, हवेचे रस्ते हातानं घासले, व्हॉल्व्ह बसवले, टायमिंग लावलं. उस्ताद आता थकलेत, खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, “आज काय रं, एवढं मन लावून? कुणा पाहुण्याची गाडी हाय का?” मी हो म्हणालो. त्या कामानं इंजिनाचा दम वाढला असेल — थोडासा. पायाला कळणार नाही इतका.

चार दिवसांनी ट्रायल. सानिका चालवायला, नाना शेजारी, म्हणजे काकी बसायच्या तिथं, आणि मी मागं. आगाशिवचा चढ आला. मी म्हणालो, “दाब पाय. पूर्ण.” तिनं दाबला आणि गाडी चढाला सरसरत गेली. छोटं इंजिन, पण मोकळं झालेलं. सानिका हसायला लागली. “आजोबा, काय पळतीय बघा!”

चढ संपल्यावर नानांनी हातानं थांबायची खूण केली. गाडी कडेला लागली. ते समोरच्या काचेतून बघत होते, मला त्यांचा फक्त कान आणि पांढरा गाल दिसत होता. गाल ओला होता.

“एवढं हुतं व्हय हिच्यात?” ते म्हणाले. मग नातीला म्हणाले, “त्या दिशी ह्या मानसाचं ऐकलं असतं तर तुझी आजी आज फिरती असती. ती म्हनत हुती, द्या. म्या दिलं न्हाई.”

ते वळले. सीटवरून वळताना त्यांना त्रास होत होता, तरी पूर्ण वळले आणि माझ्यासमोर हात जोडले.

“तवा तुला चोर म्हनलो. चार मानसांत. चुकलं माझं, भाऊ. मनात ठिवू नकोस.”

हे शब्द ऐकायची मी किती वर्षं वाट बघितली होती! अगदी याच माणसाच्या तोंडून, अगदी असेच हात जोडलेले. सानिका आरशातून माझ्याकडे बघत होती. रबराचा तुकडा माझ्या पँटच्या खिशात होता, मांडीला टोचत होता. मला तो नुसता बाहेर काढून त्यांच्या हातावर ठेवायचा होता. बोलायचीही गरज नव्हती. फौजेतला ड्रायव्हर, खूण बघून त्यांना कळलं असतं.

मी त्यांचे जोडलेले हात माझ्या हातांत घेतले. म्हणालो, “जाऊ द्या, नाना. मी ते कधीच विसरलो.”

आणि मी त्यांना माफ केलं.